पुढाऱ्यांच्या शब्दावर मुलाला परदेशी पाठवावं का?

नमस्कार दादा. तुम्ही खानापूर तालुक्यातून विचारलंय: मुलगा बेळगावात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एम.एस.साठी अमेरिकेला जायचं म्हणतोय, आणि गावातलं घर तारण ठेवल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. अमेरिकेतला पुढारी (ट्रम्प) निवडणुकीआधी म्हणतो पदवीबरोबर ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहायचा परवाना देऊ, आणि निवडून आल्यावर नोकरीच्या व्हिसावर लाख डॉलरची फी लावतो. मग बाहेरून येणाऱ्यांच्या बाबतीत हे लोक कधी एका शब्दाला राहतात का, आणि आपण कुणाच्या बोलण्यावर घर अडकवायचं?

सरळ उत्तर असं की बहुतेक पुढारी राहत नाहीत. पण ते वाऱ्यावर बदलतात असंही नाही. त्यांच्या बदलण्याला एक चाल असते आणि लक्ष देऊन बघितलं तर ती ओळखता येते. मी १९९८ पासून बेळगावच्या टिळकवाडीत परदेशी शिक्षणाच्या आणि व्हिसाच्या फाइली तयार करून देतोय. या काळात बरीच सरकारं आली-गेली, आणि प्रत्येक बदलाचा धक्का माझ्या टेबलासमोर बसलेल्या कुठल्या ना कुठल्या घराला बसलेला मी बघितलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ कारण सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक रस्त्यावर बसले, आंदोलन हटेना, शेवटी सरकारला टनाला ३,३०० रुपयांचा निर्णय करावा लागला. उसाच्या दरावर शब्द फिरवणं पुढाऱ्याला महाग पडतं, कारण शेतकरी मतदार आहे आणि तो इथंच राहतो. व्हिसाची वाट बघणाऱ्या आपल्या पोराला तिकडं मत नाही, आमदार नाही, अडवायला क्रॉस नाही. त्याच्याबाबतीत शब्द फिरवला तर फिरवणाऱ्याचं काही जात नाही. उलट मतदार चिडलेला असेल तर शब्द फिरवून चार मतं वाढतात. जगातल्या कुठल्याही लोकशाहीत हा विषय एवढा का हलतो, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच.

आता ट्रम्प यांचंच घ्या. मार्च २०१६ मध्ये डेट्रॉइटच्या वादसभेत ते म्हणाले की एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी माणसांना नोकरीवर आणायच्या व्हिसाबाबतीत माझी भूमिका बदलतेय, आम्हाला कुशल माणसं हवीत. त्याच रात्री त्यांच्या प्रचार कार्यालयानं उलट निवेदन काढलं: हा व्हिसा म्हणजे स्वस्त मजूर आणण्याचा मार्ग, तो बंद करू. एप्रिल २०१७ मध्ये 'अमेरिकी माल घ्या, अमेरिकी माणूस कामाला ठेवा' असा आदेश निघाला. जून २०२० मध्ये नव्या एच-१बीधारकांचा प्रवेशच थांबवला. जून २०२४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी पदवीबरोबर ग्रीन कार्ड द्यावं असं सांगितलं आणि त्यांच्या प्रचार यंत्रणेला लगेच खुलासा करावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी हा व्हिसा आपल्याला नेहमीच आवडत आलाय असं सांगितलं. १९ सप्टेंबर २०२५ ला लाख डॉलरची घोषणा झाली. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये एका टीव्ही मुलाखतीत पुन्हा म्हणाले की काही कौशल्यं आमच्या देशात नाहीत, बाहेरून आणावी लागतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, माणूसच बेभरवशाचा. पण दुसऱ्या बाजूलाही बघा. २००६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे सातशे मैल कुंपण घालायच्या कायद्याला सिनेटमध्ये ओबामा, हिलरी क्लिंटन आणि बायडन या तिघांनीही मत दिलं होतं. दहा वर्षांनी भिंत हा शब्द त्यांच्या पक्षात कुणाला उच्चारवत नव्हता. ओबामा २०११ मध्ये सांगत होते की लहानपणी आईबापाबरोबर कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलांची हद्दपारी मी नुसत्या आदेशानं थांबवू शकत नाही, कायदा संसदेचा आहे. जून २०१२ मध्ये निवडणुकीला पाच महिने राहिले असताना त्यांनी तेच आदेशानं केलं. मला तो निर्णय माणुसकीचा वाटतो, आजही वाटतो. पण शब्द बदलला हे खरंच.

आता जी गोष्ट मी प्रत्येक पालकाला थांबवून सांगतो ती नीट ऐका. या सगळ्या गदारोळात कायदा कितीसा हलला? एच-१बीची वर्षाची मर्यादा १९९० च्या कायद्यानं ६५,००० ठेवली. डॉट-कॉमच्या तेजीत ती तात्पुरती वाढवली, ती १,९५,००० पर्यंत गेली होती. त्या काळात बेळगावातून नुसत्या सहा महिन्यांच्या कोर्सवर पोरं गेली. २००४ पासून ती पुन्हा ६५,००० वर आली, आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी वेगळे २०,००० ठेवले गेले. बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन, पुन्हा ट्रम्प, आकडा तोच. एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त नाहीत, ही भारतीयांना वर्षानुवर्षं रांगेत उभी करणारी अटही तशीच आहे. २०१३ मध्ये सिनेटनं मोठं सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, खालच्या सभागृहानं ते चर्चेलाही घेतलं नाही. म्हणजे भाषणं रोज बदलतात आणि कायदा जागेवरून उठत नाही, अशी अमेरिकेची स्थिती आहे.

मग मधल्या मध्ये काय बदलतं? जे एका सहीनं बदलता येतं ते. फी, मुलाखतीचे नियम, जागांपेक्षा अर्ज जास्त असले की एच-१बीसाठी होणाऱ्या लॉटरीची पद्धत, राष्ट्राध्यक्षांचे हुकूम. तुमच्या मुलाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करायची मुभा, जिला सगळे ओपीटी म्हणतात. बारा महिने सगळ्यांना, आणि कॉम्प्युटरसारख्या विषयांना वर आणखी चोवीस. ही मुभा संसदेच्या कायद्यात शब्दशः लिहिलेली नाही, ती तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्या नियमावर उभी आहे. वाढीव मुदत २००८ मध्ये सतरा महिन्यांची म्हणून आली ती नियमानंच, आणि २०१६ मध्ये चोवीस झाली तीही नियमानंच. जे नियमानं आलं ते नियमानं जाऊ शकतं. बँकेच्या कागदावर सही करताना तुमच्या डोक्यात पुढाऱ्याचा चेहरा नको, हा फरक हवा.

लाख डॉलरच्या फीचंही तसंच. बातमी आली त्या रात्री मला पन्नासेक फोन आले असतील. एका आईनं विचारलं, "काका, पोराला परत बोलवूया की काय?" दोन दिवसांत खुलासा आला की फी एकदाच आहे, फक्त नव्या अर्जांना आहे. ऑक्टोबरमध्ये खात्यानं स्पष्ट केलं की अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावर असलेला मुलगा तिथल्या तिथं एच-१बीवर बदली मागत असेल तर त्याला ही फी नाही. म्हणजे इथून थेट नोकरीवर जाणाऱ्याचं दार जवळपास बंद झालं, आणि तिथं शिकणाऱ्याला फट राहिली. तुमच्या मुलाला ही बातमी भाषणातून कळणार नव्हती, ती खात्याच्या परिपत्रकात होती.

ब्रिटनमध्ये उलटी परिस्थिती आहे. तिथं व्हिसाचे नियम मंत्री संसदेपुढं बदलपत्रक ठेवून बदलतात, मोठा कायदा करावा लागत नाही. म्हणून तिथं शब्द आणि नियम दोन्ही भराभर फिरतात. २०१० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं जाहीरनाम्यात म्हटलं की निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) दरसाल लाखाच्या आत आणू. थेरेसा मे गृहमंत्री होत्या. एप्रिल २०१२ मध्ये शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा कामाचा व्हिसा बंद झाला. त्याच पक्षानं बोरिस जॉन्सन यांच्या काळात, २०१९ मध्ये, तो परत आणू असं जाहीर केलं आणि १ जुलै २०२१ पासून तो सुरूही झाला. त्याच पक्षाच्या कारकिर्दीत निव्वळ स्थलांतर जून २०२३ ला संपलेल्या वर्षात नऊ लाखांवर गेलं, आणि मग जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना बायको-मुलं न्यायला बंदी आली. मग २०२४ मध्ये मजूर पक्षाचे स्टार्मर पंतप्रधान झाले. २०२० मध्ये पक्षाचं नेतृत्व मागताना ते युरोपशी मुक्त ये-जा टिकवायची भाषा करत होते. मे २०२५ मध्ये आपण अनोळखी माणसांचं बेट होऊन बसू असं म्हणाले, आणि जूनमध्ये त्या शब्दांचा पश्चात्ताप होतो असंही म्हणाले. पण नियम पुढं गेलाच: १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने मिळणार.

२०१२ चा तो बदल मी विसरू शकत नाही. निपाणीचा एक मुलगा होता, वडिलांचा तंबाखूचा लहानसा धंदा. सप्टेंबर २०११ ला तो मास्टर्सला गेला. ज्या एजंटानं त्याची फाइल केली होती त्यानं सांगितलं होतं, दोन वर्षं काम करून कर्ज फेडून टाक. तो मार्ग बंद होणार हे मार्च २०११ मध्येच जाहीर झालं होतं. मुलगा जाण्याआधी सहा महिने! कुणी त्याला दाखवलं नाही. कोर्स संपला तेव्हा दार बंद. परत आला तेव्हा माझ्याकडं कागद घेऊन आला, काही करता येईल का म्हणून. काही करता येत नव्हतं. ते कर्ज फेडायला त्या घराला सात वर्षं लागली. पुढाऱ्यानं शब्द फिरवला म्हणून तो बुडाला नाही. अंमलाची तारीख कुणी वाचली नाही म्हणून बुडाला. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहितो: कोर्स संपण्याची आणि नियम लागू होण्याची.

कॅनडाबद्दल थोडक्यात, कारण आपल्या भागातून तिकडं जाणाऱ्यांनी गेल्या दोन वर्षांत फार सोसलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रुडो सरकारनं २०२५ साठी पाच लाख कायम रहिवाशांचं उद्दिष्ट जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच लाखांचे ३,९५,००० झाले, आणि पंतप्रधान स्वतः म्हणाले की आमचा तोल नीट साधला नाही. भारतासह काही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला व्हिसाचा जलद मार्ग बंद करत असल्याचं ८ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर केलं आणि त्याच दिवशी दुपारी तो बंद केला. पक्ष तोच, माणूस तोच. घरभाडी वाढली, मतदार चिडला, धोरण पालटलं.

बदल नेहमी दार बंद करणाराच असतो असं नाही. जर्मनीत २००० मध्ये श्रोडर सरकारनं वीस हजार आयटी तज्ज्ञांना बोलवायचं ठरवलं, तेव्हा ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे रुटगर्स एका प्रांताच्या निवडणुकीत प्रचार करत होते की भारतीयांऐवजी आपली मुलं शिकवा. ती घोषणा जर्मनीत आजही लोकांना आठवते. तो प्रचार करूनही ते ती निवडणूक हरले. त्याच पक्षाच्या मर्केल यांच्या सरकारनं २०१९ मध्ये कुशल कामगारांना बोलावणारा कायदा केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या सरकारनं भारतीयांसाठी कुशल व्हिसाची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेऊ म्हणून दिल्लीत जाहीर केलं. काम करणारी माणसं म्हातारी होत गेली की घोषणा मागं पडतात.

आपलं घर यातून सुटलंय असं समजू नका. आसाम गण परिषद हा पक्ष जन्मलाच मुळी परकीयांविरुद्धच्या आंदोलनातून, १९८५ च्या आसाम करारानंतर. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावरून त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये भाजपची साथ सोडली, मार्चमध्ये परत धरली, आणि डिसेंबरमध्ये राज्यसभेत विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. ममता बॅनर्जी यांनी ४ ऑगस्ट २००५ ला बांगलादेशी घुसखोरीवर चर्चा हवी म्हणून लोकसभेत कागद भिरकावले होते; पुढं नागरिक नोंदणीला त्यांच्याइतका कडवा विरोध दुसऱ्या कुणी केला नाही. डॉ. मनमोहन सिंग २००३ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते असताना बांगलादेशातल्या छळ झालेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व द्यायला उदार धोरण ठेवा म्हणाले, आणि २०१९ मध्ये भाजपनं ते भाषण काँग्रेससमोर धरलं. काँग्रेसचं उत्तर असं की धर्माची अट आम्ही कधी मागितली नव्हती. दोन्ही बाजू ऐकून तुम्ही ठरवा.

आणि आपल्या दारातलं तर ताजं आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना, असं विधेयक मंजूर केलं. स्थानिक कोण? राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षं राहिलेला, आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा. मुख्यमंत्र्यांनी समाजमाध्यमावर शंभर टक्के आरक्षणाचा संदेश टाकला आणि काढला. बंगळूरच्या आयटी उद्योगांनी आवाज उठवला, आणि १७ जुलैला विधेयक थांबलं. या मागणीचा उगम १९८० च्या दशकातल्या सरोजिनी महिषी समितीच्या अहवालात आहे; तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पक्षानं विरोधात असताना तो अहवाल हातात धरलाय आणि सत्तेत आल्यावर कपाटात ठेवलाय. त्या तीन दिवसांत उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणारा मराठी पोरगा विचारत होता, "मी इथलाच की, मग मी स्थानिक का नव्हे?" कन्नड त्याला येतं, पण ते कागदावर सिद्ध करायची वेळ आल्याची धास्ती मी त्याच्या आवाजात ऐकली. आणि दुसऱ्या बाजूला मुंबईत १९६० च्या दशकात कानडी हॉटेलवाल्यांवर हात उचलला गेला होता, हेही मला आठवतं. आपण सीमेवरची माणसं. एका बाजूला आपण भूमिपुत्र आणि घाट उतरून गोव्यात कामाला गेलो की परके. म्हणून बाहेरच्यांवर बोलणाऱ्या पुढाऱ्याचं भाषण ऐकताना आपले कान जरा जास्त तयार असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

एका शब्दाला राहणारे असतात का? असतात. अमेरिकेचे सिनेटर डिक डर्बिन यांनी २००१ मध्ये लहानपणी आलेल्या मुलांसाठी ड्रीम अॅक्ट मांडला आणि पंचवीस वर्षं तो धरून ठेवला. अजून तो मंजूर झालेला नाही. हेच डर्बिन आणि विरोधी पक्षाचे ग्रासली मिळून २००७ पासून एच-१बीचा गैरवापर रोखायचं विधेयक मांडत आलेत. म्हणजे जो माणूस एका गटाच्या बाजूनं ठाम, तोच आपल्या आयटी कंपन्यांविरुद्धही ठाम. ठाम पुढारी आपल्या सोयीचाच असेल असं नाही. आणि बदलणारा प्रत्येक जण खोटाही नसतो. ग्रासली यांनी १९८६ मध्ये सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर करणाऱ्या रेगन यांच्या कायद्याला मत दिलं होतं. बेकायदा प्रवेश थांबला नाही हे बघून ते पुढं म्हणाले, ते चुकलंच. अनुभवानं मत बदलणं याला मी फिरणं म्हणत नाही. सिनेटर मॅककेन यांचं वेगळं. त्यांनी विरोधी पक्षाचे सिनेटर टेड केनेडींबरोबर स्थलांतरितांसाठी उदार विधेयक आणलं, २००८ मध्ये पक्षाची उमेदवारी मागताना तेच विधेयक आज आलं तर मत देणार नाही म्हणाले, २०१० च्या कठीण निवडणुकीत कुंपण पूर्ण करा म्हणाले, आणि २०१३ मध्ये निवडणूक लांब होती तेव्हा पुन्हा उदार विधेयकाच्या गटात बसले. तारखा शेजारी ठेवल्या की बदल अनुभवाचा की निवडणुकीचा हे कळतं.

आता तुमच्या घराचं. पुढाऱ्यावर भरवसा ठेवायचा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हिशेब असा मांडा की ओपीटीची वाढीव चोवीस महिन्यांची मुदत गेली, एच-१बीच्या लॉटरीत नाव लागलं नाही, आणि मुलगा शिकून परत आला. चाळीस लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली तर हप्ता महिन्याला ५४ हजारांच्या आसपास बसतो. पंधरा वर्षांनी ४४ हजारांच्या वर. शिक्षण चालू असताना साठणारं व्याज वेगळं. पुण्या-बंगळूरला परत आलेल्या मुलाच्या पगारातून हा हप्ता आणि त्याचं राहणं-खाणं निघत असेल तर पाठवा. निघत नसेल तर स्वस्त विद्यापीठ शोधूया, किंवा जर्मनीतली सरकारी विद्यापीठं बघूया, तिथं बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाममात्र आहे, भाषा मात्र मनापासून शिकावी लागते. किंवा मुलानं आधी दोन वर्षं नोकरी करावी. नोकरी केलेल्या मुलाचं कर्ज लहान होतं आणि परत आल्यावर त्याला कामही लवकर मिळतं.

मुलाला घेऊन या. ज्या कॉलेजांची प्रवेशपत्रं आलीत ती, प्रत्येकाच्या आय-२० वर (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर) लिहिलेली पहिल्या वर्षाची रक्कम, कोर्स कुठल्या महिन्यात संपतो ती तारीख, आणि विषय चोवीस महिन्यांच्या यादीत बसतो का हे दाखवणारा कोड, एवढं बरोबर असू द्या. घराचा उतारा आत्ताच काढायची गरज नाही, तो बँक ठरल्यावर.